जादा लोखंड: त्सुकुबातल्या एका नमुन्याचं प्रकरण

लोह, टेल्युरियम आणि गंधकाच्या एका संयुगाचा नमुना भट्टीतून काढल्या काढल्या मोजला, तर तो अतिवाहक नाही, म्हणजे अतिथंड केला तरी त्यातला विजेचा रोध नाहीसा होत नाही. तोच नमुना टेबलावर उघडा पडून राहिला आणि काही दिवसांनी पुन्हा मोजला, तर अतिवाहक. २००९-१० च्या सुमारास जपानमध्ये त्सुकुबा इथल्या राष्ट्रीय सामग्रीविज्ञान संस्थेत, म्हणजे 'निम्स'मध्ये, योशिहिको ताकानो यांच्या गटापुढे हे कोडं येऊन पडलं. हवेत ठेवलेला माल बिघडतो, हा प्रयोगशाळेतला नेहमीचा अनुभव. ठेवून ठेवून सुधारणारा माल क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो, आणि आलाच तर पहिला संशय मोजमापावर जातो.

बाहेरच्या जगाला हे प्रकरण कळलं ते मात्र दारूमुळे. हाच पदार्थ गरम रेड वाइनमध्ये ठेवला की अतिवाहक होतो, असा शोधनिबंध २०११ मध्ये आला आणि वर्तमानपत्रांना चघळायला छान विषय मिळाला. गंमत खरी आहे, प्रयोगही चोख आहे. पण त्या गमतीखाली मूळ मुद्दा दबला, असं माझं मत आहे. लोहयुक्त अतिवाहकांत परका अणू किती घातला, एवढ्यावर हिशेब संपत नाही. तो कुठे जाऊन बसला आणि त्याचा चुंबकी स्वभाव कसा आहे, यावर सगळं ठरतं. आणि कधीकधी हा परका अणू खुद्द लोखंडाचाच असतो.

पार्श्वभूमी

अतिवाहकता म्हणजे ठरावीक तापमानाखाली विजेचा रोध पार नाहीसा होणं आणि पदार्थाने चुंबकीय क्षेत्र आपल्या अंगातून बाहेर लोटणं. १९११ मध्ये लायडेनला कामरलिंग ऑनेस यांना ती पाऱ्यात सापडली, साधारण ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला. त्यांनी पारा निवडला, कारण तो ऊर्ध्वपातनाने अतिशय शुद्ध करता येतो आणि शुद्ध धातूचा रोध थंडीत कसा घटतो हेच त्यांना पाहायचं होतं. पुढे लक्षात आलं की शुद्धतेचा एवढा आग्रह धरायचं कारण नव्हतं. चुंबकत्व नसलेल्या साध्या अशुद्धीने नेहमीच्या अतिवाहकाचं फारसं बिघडत नाही, हे फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्ये सिद्धांताने दाखवलं.

चुंबकी अणूंची गोष्ट निराळी. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन, म्हणजे त्यांचे अंगचे इवलेसे चुंबक, एकमेकांच्या विरुद्ध असतात. चुंबकी अणू या दोघांना सारखं वागवत नाही, त्यामुळे जोडी फुटते. लँथॅनममध्ये टक्काभर गॅडोलिनियम मिसळलं की अतिवाहकता जवळजवळ संपते, हे १९५८ पासून माहीत होतं. साहजिकच लोखंड हा अतिवाहकतेचा हाडवैरी समजला जाई. नवा अतिवाहक शोधायचाय तर चुंबकत्वापासून लांब राहा, हा जुन्या जाणत्यांचा सल्ला होता.

म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये टोकियो तंत्रज्ञान संस्थेतून आलेली बातमी अनेकांना पचायला जड गेली. हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथॅनम, ऑक्सिजन, लोह आणि आर्सेनिक यांच्या संयुगात ऑक्सिजनच्या काही जागी फ्लोरिन घातलं आणि २६ केल्विनला अतिवाहकता मिळवली. होसोनो मुळात पारदर्शक अर्धवाहकांच्या मागे होते. तांब्याच्या एका थरदार संयुगावर काम करता करता ते त्याच ठेवणीच्या लोहसंयुगांकडे वळले. आर्सेनिकऐवजी फॉस्फरस असलेलं संयुग त्यांनी २००६ मध्येच दाखवलं होतं, पण ते ४ केल्विनच्या आसपासचं, त्यामुळे कुणी फारशी दखल घेतली नव्हती. २६ चा आकडा आल्यावर चित्र पालटलं. चीनमधल्या गटांनी लँथॅनमच्या जागी सॅमेरियम घालून त्याच वर्षी ५५ केल्विन गाठलं.

फ्लोरिन न घातलेलं मूळ संयुग अतिवाहक नसतं. ते थंड करत नेलं की दीडशे केल्विनच्या आसपास लोहअणूंची चौरस जाळी किंचित आयताकृती होते आणि जरा आणखी खाली, १४० च्या सुमारास, त्या अणूंचे चुंबक आलटूनपालटून उलटसुलट रांगांत उभे राहतात. या मांडणीला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. डोपिंगचं, म्हणजे मुद्दाम परका अणू मिसळण्याचं, पहिलं काम ही शिस्त मोडायचं. शिस्त मोडली, पण लोहाचे चुंबक पूर्ण थंडावले नाहीत, की त्या चुळबुळीतून इलेक्ट्रॉनच्या जोड्या जुळतात, असं बहुतेकांचं म्हणणं.

ही शिस्त मोडायचे मार्ग किती आहेत, ते बेरियम, लोह आणि आर्सेनिकच्या संयुगावर सगळ्यात स्पष्ट दिसलं. म्युनिकमध्ये रॉटर, टेगेल आणि योहरेंट यांनी बेरियमच्या काही जागी पोटॅशियम घातलं: ३८ केल्विन. बेरियम लोहाच्या थरांबाहेर बसतो, त्यामुळे हे समजण्यासारखं होतं. वीज वाहणाऱ्या थराला हात न लावता त्यातल्या इलेक्ट्रॉनची संख्या तेवढी बदलली. खरा धक्का दिला तो अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने. त्यांनी थेट लोहाच्याच जागी कोबाल्ट घातला आणि तरीही २२ केल्विनची अतिवाहकता मिळवली. तांब्याच्या ऑक्साइडवाल्या अतिवाहकांत असं काही करायला गेलं तर पंचाईत होते. तिथे तांब्याच्या थरात काही टक्के जस्त शिरलं की खेळ खलास. इथे थरातच ढवळाढवळ करून अतिवाहकता जन्माला आली.

मग आयोवातल्या एम्स प्रयोगशाळेत कॅनफील्ड, बुडको आणि मंडळींनी लोहाच्या जागी एकेक धातू घालून पाहण्याचा सपाटाच लावला. कोबाल्ट सहा-सात टक्के झाला की तापमान तेवीस-चोवीस केल्विनपर्यंत जातं. निकेलने थोडं कमी. तांबंही चुंबकी शिस्त मोडतं, पण त्यानंतर हाती काय लागतं, तर एका चिंचोळ्या पट्ट्यात जेमतेम २ केल्विनची अतिवाहकता. मँगनीज आणि क्रोमियम घालून काहीच मिळत नाही. दुसरीकडे आर्सेनिकच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जागी फॉस्फरस घातला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या संख्येत काहीही फरक पडला नाही, तरी तापमान ३० च्या वर जातं.

म्हणजे 'डोपिंग केलं' एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही. त्सुकुबातलं प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचायला हवं, कारण तिथे मुद्दाम घातलेला अणू एक होता आणि नकळत शिरलेला दुसरा.

पदार्थ आणि त्याचं कागदावरचं सूत्र

लोहयुक्त अतिवाहकांत सगळ्यात साधी ठेवण लोह आणि सेलेनियमच्या संयुगाची. लोहाची चौरस जाळी, तिच्या वर आणि खाली सेलेनियम, आणि असे थर एकावर एक. मध्ये बेरियम नाही, लँथॅनम नाही, काही नाही. ते ८ केल्विनला अतिवाहक होतं, हे २००८ मध्ये तैवानमधल्या माव-कुएन वू यांच्या गटाने दाखवलं. सेलेनियमच्या जागी पूर्णपणे टेल्युरियम घातलं की जाळी तीच राहते, पण पदार्थ अतिवाहक होत नाही. ७० केल्विनच्या आसपास तो चुंबकी शिस्तीत जातो आणि तिथेच अडकून बसतो. बाहेरून दाब देऊन पाहिला, तरी ढिम्म.

ताकानो यांच्या गटात तेव्हा योशिकाझू मिझुगुची होते. त्यांनी टेल्युरियमच्या काही जागी गंधक घातला. गंधकाचा अणू टेल्युरियमपेक्षा बराच लहान, त्यामुळे जाळी आतून आवळली जाते. चुंबकी शिस्त मोडली आणि १० केल्विनच्या सुमारास अतिवाहकतेची सुरुवात दिसली. हे २००९ मधलं काम. आर्सेनिक नाही, सेलेनियम नाही, म्हणून पदार्थ हाताळायलाही तुलनेने बरा. तुलनेने म्हणायचं कारण, टेल्युरियमही काही गरीब गाय नाही. त्याचा अंश पोटात गेला तर माणसाच्या श्वासाला कितीतरी दिवस लसणासारखा वास येतो.

पण गंधक आणि टेल्युरियमच्या आकारात एवढा फरक आहे की गंधक जाळीत सहजासहजी शिरत नाही. कागदावर सूत्र लिहिलं जातं लोह एक, टेल्युरियम ०.८, गंधक ०.२. भुकट्या या प्रमाणात तोलून घेतात, हवा काढलेल्या काचेच्या नळीत बंद करतात आणि भट्टीत तापवतात. भट्टीतून जे बाहेर येतं त्याचं सूत्र तंतोतंत हेच असेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. गंधक पुरता आत जात नाही, ही एक तफावत. दुसरी तफावत लोहाची, आणि ती जास्त नडते. टेल्युरियमचं हे संयुग नेमक्या एकास एक प्रमाणात बनायला तयारच नसतं. काही टक्के लोखंड त्यात नेहमी जास्तीचं राहतं. थरातल्या लोहाच्या जागा तर भरलेल्या असतात, मग हे जादा लोखंड दोन थरांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं.

मोजमापात काय दिसलं

ताज्या नमुन्याचा रोध मोजला, तर ठरावीक तापमानाला तो उतरायला लागायचा, पण शून्यापर्यंत पोचायचा नाही. अशा वेळी घाईने निष्कर्ष काढणं धोक्याचं असतं. पदार्थात कुठेतरी केसासारखी बारीक अतिवाहक वाट तयार झाली तरी रोध घटतो, आणि ती वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेली तर रोध शून्यही दिसतो. बाकी पदार्थ तसाच कोरडा. म्हणून या क्षेत्रातली माणसं रोधावर समाधान मानत नाहीत, चुंबकीय मोजणी मागतात.

ती अशी होते. नमुन्याचा छोटा तुकडा जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये घालून प्लास्टिकच्या नळीत अडकवतात. ही नळी पुष्कळदा शीतपेय प्यायची साधी स्ट्रॉच असते, कारण तिचं स्वतःचं चुंबकत्व नगण्य आणि सगळीकडे सारखं. मग क्षेत्र न लावता नमुना दोन-चार केल्विनपर्यंत थंड करतात, छोटं क्षेत्र लावतात, आणि नमुना त्या क्षेत्राला किती अडवतो ते पाहतात. घनफळाचा जेवढा वाटा क्षेत्र अडवतो, तेवढा वाटा अतिवाहक धरता येतो. ताज्या नमुन्यात हा वाटा शून्यात जमा होता.

हवेत पडून राहिलेल्या नमुन्यात मात्र शून्य रोध मिळाला आणि क्षेत्र अडवणारा वाटाही दिवसांगणिक वाढत गेला, घनफळाच्या जवळपास निम्म्यापर्यंत. केसाएवढ्या वाटेची शंका त्यामुळे मिटली. निर्वातात ठेवलेला नमुना मात्र जसाच्या तसा. पाण्यात ठेवलेल्या नमुन्यात सुधारणा. २०१० च्या निबंधात याला 'ओलाव्याने आलेली अतिवाहकता' असं नाव दिलं गेलं. त्याच वर्षी दुसरा प्रयोग झाला: नमुना ऑक्सिजनमध्ये २०० अंश सेल्सिअसला तापवला. शून्य रोधाचं तापमान ८.५ केल्विन झालं आणि अतिवाहक वाटा शून्यावरून जवळजवळ शंभर टक्क्यांवर गेला. सोबत स्फटिकाची जाळी थोडी आकसलेली दिसली.

हा शेवटचा तपशील मला फार बोलका वाटतो. ऑक्सिजन जर आत शिरून थरांमध्ये बसत असता, तर जाळी फुगण्याची शक्यता जास्त. ती आकसली. म्हणजे आतून काहीतरी बाहेर जात असावं, असा तर्क तेव्हाही करता आला असता. पण तर्क आणि पुरावा यांत अंतर असतं, आणि पुरावा आडवाटेने आला.

सहा पेयं आणि एक नियंत्रण

पाण्याने फरक पडतो, तर दुसऱ्या द्रवांनी काय होईल? बिअर, रेड वाइन, व्हाइट वाइन, साके आणि शोचू ही जपानी मद्यं आणि व्हिस्की, अशा सहा पेयांत नमुन्याचे तुकडे घालून ७० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवण्यात आले. तुलनेसाठी पाणी आणि शुद्ध इथेनॉल वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून त्यातही तुकडे ठेवले. हे दुसरं काम बातम्यांत फारसं आलं नाही, पण प्रयोगाला वजन आलं ते त्याच्यामुळेच. नाहीतर 'दारूने होतं' एवढंच म्हणून गोष्ट थांबली असती.

पाणी-इथेनॉलच्या मिश्रणांतही थोडी सुधारणा झाली, पण पेयांच्या मानाने किरकोळ. पेयांत रेड वाइन पहिली: अतिवाहक वाटा ६२.४ टक्के, शून्य रोध ७.८ केल्विनला. दारूचं प्रमाण आणि परिणाम यांचा मेळ बसेना. शोचू आणि व्हिस्की वाइनपेक्षा कितीतरी कडक, तरी मागे. याचा अर्थ इथेनॉल हा नायक नाही, पाणीही नाही. पेयातला तिसराच कुठला तरी घटक हे काम करतोय.

६२.४ टक्के हा आकडा वर्षभर आधीच्या ऑक्सिजनच्या जवळजवळ शंभर टक्क्यांपेक्षा सरळसरळ कमी आहे. पदार्थ सुधारण्याची कृती म्हणून वाइनला काही विशेष स्थान नाही, कुणी कारखाना काढणार असेल तर त्याने ऑक्सिजनची भट्टी घ्यावी. वाइनचा उपयोग निदानासाठी झाला. वेगवेगळ्या द्रवांचे वेगवेगळे परिणाम समोर असले की कोणता घटक जबाबदार आहे ते शोधता येतं. ऑक्सिजनच्या एकट्या वायूत ती सोय नव्हती.

शोध घ्यायला केइओ विद्यापीठातली मंडळी सोबत आली. ती जैविक द्रवांमधले शेकडो लहान रेणू एकाच वेळी मोजण्यात वाकबगार. पेयांतले घटक आणि त्या त्या पेयाने दिलेला अतिवाहक वाटा यांची सांगड घालून पाहिली, तेव्हा बोट सौम्य सेंद्रिय आम्लांकडे गेलं. मॅलिक आम्ल, सायट्रिक आम्ल असे संशयित सुटे घेऊन पाण्यात विरघळवले आणि त्यात नमुने ठेवले, अतिवाहकता आली. मग वेगवेगळ्या द्राक्षांच्या रेड वाइन तपासल्या, तेव्हा टार्टारिक आम्ल हा एक कळीचा घटक म्हणून पुढे आलं.

टार्टारिक आम्ल आपल्याला अनोळखी नाही. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः त्याचाच. सणावाराला तांब्या-पितळेची भांडी चिंचेच्या कोळाने घासतात, तेव्हा हे आम्ल भांड्यावरचा काळपट थर धातूच्या आयनांना धरून सोडवून घेतं आणि खालचं भांडं शाबूत ठेवतं. नमुन्याच्या बाबतीतही आम्लाला हीच निवड करायची होती: सैल बसलेलं लोखंड न्यायचं आणि जाळीतल्या लोखंडाला हात लावायचा नाही. तीव्र आम्ल घेतलं असतं तर पदार्थच विरघळायची भीती.

निर्णायक पुरावा द्रवातच होता. नमुना बाहेर काढल्यावर उरलेल्या आम्लाचं प्लाझ्मा वर्णपटाने विश्लेषण केलं आणि त्यात लोह सापडलं. २०१२ च्या निबंधात निष्कर्ष स्पष्ट मांडला गेला: आम्लाने थरांमधलं जादा लोखंड बाहेर ओढून काढलं, म्हणून अतिवाहकता आली. वाइनमधून आत काहीच गेलं नव्हतं. वरकरणी जी 'वाइनची भेसळ' वाटत होती, ते खरं तर भेसळ काढणं होतं. ऑक्सिजनचंही गणित मग जुळतं: फटीतलं लोखंड ऑक्सिजनशी जोडलं जाऊन तिथून निघतं आणि ऑक्साइडच्या रूपात वेगळं पडतं. गंधकाऐवजी सेलेनियम घातलेल्या भावंडाच्या स्फटिकांवर पुढे टोकियोतल्या तामेगाई यांच्या गटाने याच दिशेने सविस्तर काम केलं.

फटीतलं लोखंड एवढं का नडतं

थरातल्या लोहाचेच चुंबक अतिवाहकतेला आधार देतात, असं वर म्हटलं. मग फटीतल्या लोहाने काय घोडं मारलं? संगणकावरच्या गणितातून दोन गोष्टी दिसतात. एक, फटीतला अणू आपला साधारण एक इलेक्ट्रॉन थरांना देऊन टाकतो, म्हणजे नको असताना डोपिंग होतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: त्या अणूला स्वतःचा मोठा, स्थानिक चुंबक असतो. थरातला लोहअणू शेजाऱ्यांशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करत असतो, त्याचं चुंबकत्व सगळ्या थराचं सामाईक असतं. फटीतला एकटा. त्याचा चुंबक आजूबाजूच्या थरांना आपल्याकडे खेचतो, मोडत आलेली चुंबकी शिस्त आसपास पुन्हा उभी करतो आणि जोड्या फोडतो. गंधकाने जे काम केलं ते हा अणू उधळून लावतो.

म्हणून या प्रकरणात दोन्ही पायऱ्या लागल्या. गंधकाशिवाय चुंबकी शिस्त मोडत नाही आणि जादा लोखंड काढल्याशिवाय मोडलेल्या शिस्तीचा फायदा मिळत नाही. ताज्या नमुन्यात पहिली पायरी पुरी झालेली होती, सूत्रही बरोबर दिसत होतं, आणि तरी हाती काही नव्हतं.

असा हळवेपणा फक्त टेल्युरियमच्या संयुगाचा नाही. लोह-सेलेनियमवर प्रिन्स्टनच्या कावा यांच्या गटाने २००९ मध्ये जे दाखवलं ते पाहिलं तर अंगावर काटा येतो. शंभर सेलेनियममागे एकशे एक लोह असेल तर अतिवाहकता साडेआठ केल्विनला. एकशे तीन झालं की संपली. दोन टक्क्यांचा खेळ. त्यातच दीड टक्का तांबं लोहाच्या जागी घातलं तर अतिवाहकता जाते, आणि चार टक्क्यांवर पदार्थ धातूसारखा वागायचंच सोडतो. होसोनोंच्या मूळ संयुगात, फ्लोरिन पुरेसं असताना, लोहाच्या पाचशे अणूंपैकी एकाच्या जागी मँगनीज आला, म्हणजे ०.२ टक्के, तरी पुरे. शोधनिबंधात त्याला विषबाधाच म्हटलंय.

उलट बाजूचीही उदाहरणं आहेत, आणि ती सोडून दिली तर चित्र एकांगी होईल. कोबाल्ट सहा-सात टक्के थरात बसून अतिवाहकता देतो, ते वर आलंच. जस्ताचं तर आणखी विचित्र. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या गटाने होसोनोंच्या संयुगात जस्त घालून पाहिलं: फ्लोरिन कमी असताना तापमान थोडं वाढलं, फ्लोरिन नेमकं असताना फारसा फरक नाही, आणि फ्लोरिन जास्त असताना अतिवाहकता पार गेली. तोच अणू, तीच जागा, परिणाम तीन.

यातून सिद्धांतवाल्यांमध्ये जुंपली ती अजून पुरती शमलेली नाही. लोहयुक्त अतिवाहकांत इलेक्ट्रॉनचे एकाहून अधिक पट्टे, म्हणजे त्यांना वावरायला मोकळ्या ऊर्जांचे टप्पे, असतात. माझिन आणि सहकाऱ्यांनी, तसंच कुरोकी यांच्या गटाने, २००८ मध्येच सुचवलं होतं की जोड्यांच्या लहरीचं चिन्ह एका पट्ट्यावर धन आणि दुसऱ्यावर ऋण असावं. तसं असेल तर चुंबकत्व नसलेली अशुद्धीही इलेक्ट्रॉनला एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर ढकलून जोड्या फोडू शकेल, आणि अँडरसन यांचा दिलासा इथे लागू होणार नाही. ओनारी आणि कोंतानी यांनी त्यावर बोट ठेवलं: मग कोबाल्टने एवढी ढवळाढवळ करूनही अतिवाहकता टिकते कशी? त्यांनी चिन्ह न बदलणारा पर्याय मांडला.

वाद सोडवायला रासायनिक डोपिंग हे फार बोथट हत्यार आहे, कारण परका अणू एकाच वेळी इलेक्ट्रॉन देतो, जाळी आवळतो आणि अडथळाही बनतो. यातलं कशाने काय झालं, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून काही गटांनी परका अणू घालायचंच टाळलं. पॅरिसजवळ पॅलेझो इथल्या त्वरकात, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, २५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन स्फटिकावर सोडतात, स्फटिक द्रव हायड्रोजनमध्ये बुडवलेला. मारा बसलेले अणू जागेवरून हलतात आणि रासायनिक सूत्र न बदलता दोष वाढत जातात. फॉस्फरसवाल्या बेरियम संयुगावर असा मारा केल्यावर जोड्यांच्या बंधनऊर्जेत जिथे मुळात शून्याच्या रेषा होत्या, त्या दोष वाढल्यावर नाहीशा झाल्या, असं २०१४ मध्ये दिसलं. अशुद्धीचा उपयोग इथे मोजपट्टीसारखा झाला.

सूत्र आणि नळीतला माल

या प्रकरणाचा रोजच्या कामाला लागणारा भाग अगदी रुक्ष आहे. शोधनिबंधात पदार्थाचं सूत्र असतं, ते पुष्कळदा भुकट्या तोलताना घेतलेल्या प्रमाणाचं असतं; नळीतून बाहेर आलेल्या मालाचं नसतं. एकाच सूत्राच्या दोन नमुन्यांचे निकाल जुळेनात, तर आधी दोघांतलं लोखंड मोजून पाहावं. लोह-टेल्युरियम-सेलेनियमच्या स्फटिकांवर काम करणारे बरेच गट आता स्फटिक हाती आला की आधी तो ऑक्सिजनमध्ये किंवा टेल्युरियमच्या वाफेत तापवून घेतात, मग मोजायला बसतात.

रेड वाइनचा हिशेब मात्र पूर्ण मिटलेला नाही. टार्टारिक आम्लाचं नुसतं द्रावण अतिवाहकता आणतं, पण वाइन जेवढी आणते तेवढी नाही. म्हणजे वाइनमध्ये आणखी कुणीतरी हातभार लावतंय.

आणि ज्या अणूला हुसकावण्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्याला काही ठिकाणी आता मागणी आहे. सेलेनियमवाल्या भावंडात फटीतल्या एकेका लोहअणूवर सूक्ष्मदर्शकाची सुई नेऊन मोजणी केली, तेव्हा २०१५ मध्ये मोजणीच्या आलेखात नेमक्या शून्य ऊर्जेला एक टोकदार शिखर दिसलं. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं तरी ते दुभंगेना की सरकेना. नेहमीच्या चुंबकी अशुद्धीचं शिखर असं वागत नाही, म्हणून त्याचा संबंध मायोराना अवस्थांशी, म्हणजे आपणच आपला प्रतिकण असल्यासारख्या वागणाऱ्या अवस्थांशी, जोडला गेला, ज्यांच्यावर क्वांटम संगणकवाल्यांचा डोळा आहे. त्या प्रयोगांना जादा लोखंड पूर्ण काढून टाकलेला स्फटिक चालत नाही. त्यांना ते थोडं राहिलेलं हवं असतं, विरळ, एकेक अणू शेजाऱ्यापासून सुटा मोजता येईल इतपत.